कासवाच्या पोटांतील पाहुणे

मुलाच्या पोटांत जंत झाले म्हणजे काय करावें, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावें लागत नसे. वावडिंगाचा काढा घरोघरीं ठाऊक होता. २०१५ सालापासून तर १० फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो, आणि शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांना जंतांची गोळी देण्यांत येते. कुत्रें पाळणारी माणसेंहि पिलाला वेळच्या वेळीं औषध देण्यास चुकत नाहींत. परंतु दिवाणखान्यांतील काचेच्या पेटींत ज्यांनीं कासव किंवा परदेशी सरडा ठेविला आहे, त्यांच्या मनांत हा विचार सहसा येत नाहीं. कासव विव्हळत नाहीं, दाराशीं येऊन तक्रार करीत नाहीं. एके दिवशीं तें खाणें सोडतें. घरचीं माणसें म्हणतात, थंडीनें सुस्तावलें असेल. आणि पंधरा-वीस दिवसांनीं जेव्हां त्याचें मौन कायमचें झालेलें दिसतें, तेव्हां कारण शोधण्याची वेळ निघून गेलेली असते. पुष्कळदां हें कारण त्याच्या आंतड्यांतच दडलेलें असतें.

कासव आणि माणूस यांचें नातें आपल्या प्रदेशांत फार जुनें आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, हावडा-मुंबई लोहमार्गावरील दरेकसा स्टेशनाच्या आसमंतांत, डोंगराच्या कुशींत कचारगडच्या विशाल नैसर्गिक गुहा आहेत. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, आणि महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगण अशा अनेक राज्यांतून भाविक येतात. गुहेंत कोंडल्या गेलेल्या बालकांना पारी कुपार लिंगोनें मुक्त केलें, ती गुहा हीच, अशी त्यांची श्रद्धा आहे. नागपूर भागांत राहून गोंडांची भाषा व गीतें टिपून घेणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८६३ सालीं वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केले. त्यांतील लिंगोच्या गीतांत एक प्रसंग असा आहे कीं, मागें राहिलेले चार गोंड नदीच्या कांठीं येतात, आणि एक सुसर व एक कासव त्यांस पैलतीरीं नेण्याचें वचन देतात. सुसर मध्येंच दगा देते. कासव मात्र वचन पाळून त्यांना पाठीवरून पार नेतें. ज्यानें माणसाला बुडतां बुडतां तारलें, त्या प्राण्याला माणसानें काचेच्या पेटींत ठेवून नकळत मारावें, यासारखी कृतघ्नता नाहीं.

भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे होत. येथील जुने मालगुजारी तलाव, भाताच्या बांध्या आणि ओढे यांत मऊ कवचाचीं कासवें आढळतात. पावसाळ्यांत असें एखादें कासव रस्ता ओलांडतांना दिसलें, कीं मुलांसाठीं घरीं नेण्याचा मोह सहलीस आलेल्या शहरी कुटुंबाला होतो. हा मोह आवरला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें संरक्षित असलेलीं देशी कासवें, घोरपडी, साप हे घरीं पाळणें हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें तारा-कासव पुष्कळ शहरी घरांत शुभ म्हणून ठेविलें जात असे. २०२२ च्या दुरुस्तीनें त्याला या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत स्थान मिळालें, आणि त्यापूर्वी २०१९ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारहि करारानें बंद झाला. तेव्हां कायद्यानें ज्यांना घरांत जागा आहे, ते म्हणजे कांहीं परदेशी प्राणी: गालावर तांबडा पट्टा असलेलें अमेरिकेंतील पाणकासव, ऑस्ट्रेलियांतील दाढीवाला सरडा, हिरवा इग्वाना इत्यादि. यांपैकीं ज्या जातींचा कायद्याच्या परिशिष्टांत समावेश आहे, त्यांची सरकारदरबारीं नोंदणी करावी लागते. पुढील विवेचन अशा रीतसर पाळलेल्या प्राण्यांविषयीं आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अगत्याचें आहे. रानांतील कासवाच्या पोटांत जंत नसतात आणि पिंजऱ्यांतील कासवाला ते होतात, असें मुळींच नाहीं. उलट रानांतील जवळजवळ प्रत्येक कासवाच्या आंतड्यांत कृमींची वस्ती असते. पालाभाजी खाणाऱ्या कासवांच्या व सरड्यांच्या मोठ्या आंतड्यांत सुईच्या टोंकासारखे बारीक, पांढरे सूत्रकृमि हजारोंनीं राहतात. ते रक्त पीत नाहींत; आंबत असलेल्या अन्नावर व त्यांतील जंतूंवर त्यांचा निर्वाह होतो. ते चोथा घुसळून पचनास थोडें साहाय्यच करीत असावेत, असें कित्येक शास्त्रज्ञांचें मत आहे. म्हणजे हे पाहुणे खरे, पण बेतानें राहणारे. मग हेच पाहुणे घरांतील पेटींत यमदूत कां बनतात?

याचें उत्तर जागेच्या हिशेबांत आहे. या सूत्रकृमींचीं अंडीं विष्ठेबरोबर बाहेर पडतात, कांहीं दिवसांत पक्व होतात, आणि अन्नाबरोबर पुन्हा पोटांत जातात. मध्यें दुसऱ्या कोणत्याहि प्राण्याची गरज लागत नाहीं. रानांतील कासव आज येथें तर उद्यां तेथें चरतें. मागें टाकलेल्या विष्ठेशीं त्याची पुन्हा गांठ क्वचितच पडते; ऊन आणि कोरडा वारा बहुतेक अंडीं नष्ट करितात. दोन फुटांच्या पेटींत मात्र जेथें मलविसर्जन, तेथेंच भोजन. बाहेर पडलेलें प्रत्येक अंडें परत पोटांत जाण्याच्या वाटेवरच असतें, आणि पेटीचा दमटपणा व उबारा त्याला पोषक ठरतो. नवा एकहि कृमि बाहेरून न येतां त्यांची संख्या महिन्यागणिक वाढत जाते. पाहुणा तोच, पण घराचीं दारें बंद झालीं म्हणजे त्याचा भार यजमानाला सोसवेनासा होतो.

दुसरें कारण उष्णतेचें. कासव, सरडा, साप यांचें शरीर स्वतःची उष्णता निर्माण करून राखीत नाहीं. ती उन्हांतून, तापलेल्या दगडांतून घ्यावी लागते. अन्नाचें पचन आणि रोगाचा प्रतिकार हीं दोन्हीं कार्यें या उसन्या उष्णतेवर चालतात. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन पाणकासवाला ऊन खाण्यासाठीं साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस उष्ण असा एक कोरडा ओटा लागतो. वातानुकूलित खोलींत किंवा विदर्भातील पौषाच्या रात्रीं उघड्या गच्चीवर तें ठेविलें, तर त्याचें आंतडें मंदावतें, अन्न कुजतें, प्रतिकारशक्ति दुबळी होते, आणि काल निरुपद्रवी असलेले कृमि आज बळावतात. म्हणून जंतांच्या उपचाराचा आरंभ औषधाच्या बाटलीपासून न करितां उष्णतामापकापासून करावा लागतो.

सर्वच पाहुणे सूत्रकृमींसारखे सौम्य नसतात. कासवांच्या आंतड्यांत गोल, लांब, गांडुळासारखे मोठे जंत होतात; ते वाढले तर आंतड्याचा मार्गच अडवितात. सापांच्या जठरांत व आंतड्यांत अंकुशकृमि चिकटून रक्तस्राव घडवितात. पट्टकृमि व पर्णकृमि यांना मात्र आपला जीवनक्रम पुरा करण्यासाठीं गोगलगाय, कीटक, मासा किंवा बेडूक असा मधला यजमान लागतो. म्हणून जो प्राणी पेटींतच राहतो आणि ज्याला बाहेरच्या गोगलगाई, पाली वा बेडूक खाऊं घातले जात नाहींत, त्याला हे सहसा नव्यानें होत नाहींत. ह्या एका भेदांत अर्धें प्रतिबंधक शास्त्र सांठविलेलें आहे: ज्या कृमीचा प्रवास थेट, त्याचा बंदोबस्त स्वच्छतेनें, ज्याचा प्रवास मध्यस्थामार्फत, त्याचा बंदोबस्त आहारानें.

याहून सूक्ष्म असे एकपेशीय जीव डोळ्यांना दिसत नाहींत, पण घात अधिक करितात. एन्टामीबा इन्व्हेडन्स नांवाचा अमीबा पुष्कळ कासवांच्या आंतड्यांत कांहींहि त्रास न देतां नांदतो. तोच साप किंवा सरडा यांच्या पोटांत गेला म्हणजे आंतड्यास व्रण पाडून, यकृतापर्यंत पोंचून, थोड्या दिवसांत प्राण घेतो. कासव आणि साप यांना एका पेटींत, किंवा एकाच भांड्यानें पाणी पाजून, ठेवूं नये, हा नियम ह्या अनुभवांतून निघाला आहे. दाढीवाल्या सरड्याच्या पिलांना कॉक्सिडिया जातीच्या जीवांमुळें अतिसार होऊन तीं खंगतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा तर त्याहून चिवट. सापाच्या जठराची भिंत तो जाड करून टाकतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय अद्याप सांपडलेला नाहीं. असा साप खाल्लेलें भक्ष्य कांहीं दिवसांनीं ओकून टाकतो.

लक्षणें ओळखण्यासाठीं नित्याची नोंद ठेवणें हाच खरा मार्ग. वजनांत घट, भूक कमी किंवा भूक असूनहि रोड होणें, विष्ठा पातळ, दुर्गंधियुक्त अथवा रक्तमिश्रित, न पचलेलें अन्न बाहेर पडणें, डोळे खोल जाणें, हीं चिन्हें दिसल्यास दुर्लक्ष करूं नये. स्वैपाकघरांतील ग्रॅम दाखविणारा लहान तराजू या कामासाठीं वेगळा ठेवून दर पंधरवड्यास वजन लिहून ठेविलें, तर कवचाआड लपलेलें खंगणें डोळ्यांना दिसण्यापूर्वीं आंकड्यांत दिसतें.

निदान मात्र डोळ्यांनीं होत नाहीं. तें सूक्ष्मदर्शक यंत्रानें होतें. ताजी विष्ठा स्वच्छ डबींत घालून, सुकूं न देतां, त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावी. तेथें तिचा थोडा अंश मिठाच्या सौम्य द्रावणांत कालवून लगेच पाहतात. यामुळें हालचाल करणारे एकपेशीय जीव ओळखतां येतात. दुसरा अंश जड द्रावणांत मिसळतात, तेव्हां कृमींचीं हलकीं अंडीं तरंगून वर येतात. कुत्र्याची वा गुरांची विष्ठा तपासणाऱ्या कोणत्याहि चांगल्या प्रयोगशाळेंत हें काम होऊं शकतें. मुंबईंत परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय यांमुळें महाराष्ट्राच्या दोन्हीं टोंकांस या विद्येची परंपरा आहे. अंडीं रोज सारख्या प्रमाणांत बाहेर पडत नसल्यामुळें एका परीक्षेंत कांहीं न दिसल्यास कांहीं दिवसांच्या अंतरानें पुन्हा परीक्षा करवून घ्यावी.

या परीक्षेंत एक मौजेचा धोका आहे. उंदीर खाणाऱ्या सापाच्या विष्ठेंत उंदराच्या कृमींचीं अंडीं सांपडतात. तीं सापाला न बाधतां केवळ वाटसरूप्रमाणें त्याच्या पोटांतून पार झालेलीं असतात. त्यांस सापाचे जंत समजून औषध देणें म्हणजे पाहुणा निघून गेल्यावर यजमानाला शिक्षा करणें होय. तसेंच पालाभाजी खाणाऱ्या धडधाकट कासवाच्या विष्ठेंत थोडीं अंडीं दिसलीं, तर जाणता वैद्य औषध न देतां पेटीची सफाई व उष्णता सुधारण्यास सांगतो. अंडीं किती आणि प्राणी कसा, या दोहोंचा मेळ घालूनच निर्णय होतो.

औषध द्यावयाचें ठरल्यास प्रत्येक कृमीचें औषध वेगळें. सूत्रकृमि व गोल जंत यांवर फेनबेंडाझोल, पट्टकृमि व पर्णकृमि यांवर प्राझिक्वांटेल, अमीबा व तत्सम जीवांवर मेट्रोनिडाझोल, हीं सामान्यतः वापरलीं जातात. मात्रा प्राण्याच्या वजनाप्रमाणें मोजून द्यावी लागते, आणि तीं वजनें ग्रॅमांत असतात. माणसासाठीं केलेल्या गोळीचा तुकडा अंदाजानें मोडून देणें जिवावर बेतूं शकतें. फेनबेंडाझोल सौम्य गणलें जातें, तरी त्याचा अतिरेक झाल्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. मेट्रोनिडाझोलच्या अतिरेकानें मज्जासंस्था बिघडते. पहिल्या मात्रेनें प्रौढ कृमि मरतात, परंतु अंडीं बचावतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनीं दुसरी मात्रा देतात, आणि नंतर विष्ठेची फेरतपासणी करितात. औषधापूर्वीं प्राण्याला ऊब आणि पाणी देऊन सावरावें लागतें. कोरड्या पडलेल्या, गारठलेल्या प्राण्यास औषध देणें म्हणजे विझत्या चुलीवर लांकडांचा भारा टाकणें होय.

एका औषधाचें नांव मात्र कासव पाळणाऱ्या प्रत्येक घरीं पेटीवर लिहून ठेवावें, तें म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानमधील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून हें औषध निघालें, आणि त्यानें आफ्रिकेंतील असंख्य माणसांची दृष्टि वांचविली. त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गुरें व कुत्रीं यांच्या जंतांवर व बाह्य परोपजीवींवर तें सर्रास वापरलें जातें, आणि म्हणूनच तें हातांशीं असतें. परंतु कासवांच्या बाबतींत तें विष आहे. सस्तन प्राण्यांच्या बहुतेक जातींत रक्त आणि मेंदू यांमधील पडदा ह्या औषधाला मेंदूंत शिरूं देत नाहीं. कासवांत तें संरक्षण अपुरें पडतें, आणि औषध मज्जातंतूंवर परिणाम करून स्नायू लुळे पाडतें. कासवांस यापासून पक्षाघात व मृत्यु येतो, हें अमेरिकेंत १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. एकाला अमृत तें दुसऱ्याला हलाहल, याचें इतकें स्वच्छ उदाहरण वैद्यकांत विरळा.

उपचारापेक्षां प्रतिबंध सोपा आणि स्वस्त. नवा प्राणी घरीं आला, कीं त्याला जुन्या प्राण्यांपासून निदान ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलींत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावें; जुन्यांची सेवा आधीं, नव्याची नंतर, हा क्रम मोडूं नये. या काळांत पेटींत माती वा भुसा न घालतां जुनें वर्तमानपत्र अंथरावें. तें रोज बदलतां येतें आणि विष्ठा स्पष्ट दिसते. विष्ठा पडतांच उचलावी, कारण अंडें पक्व होण्यापूर्वीं तें उचललें तर कृमीची सांखळीच तुटते. अन्न जमिनीवर न ठेवितां ताटलींत द्यावें, पाणी रोज बदलावें, भाज्या धुऊन घ्याव्या. कृमींचीं अंडीं व कॉक्सिडिया यांचें कवच चिवट असल्यामुळें नेहमींचीं जंतुनाशकें त्यांवर फारशीं चालत नाहींत. उकळतें पाणी, वाफ आणि कडक ऊन हे खरे उपाय. भेगाळलेलीं लांकडें, ज्यांत उकळतें पाणी पोंचत नाहीं, तीं टाकून द्यावीं. झुरळें आणि माशा ह्या अंडीं पसरवितात, त्यांचाहि बंदोबस्त करावा. आणि निरोगी दिसणाऱ्या प्राण्याचीहि विष्ठा वर्षांतून एकदां तरी तपासून घ्यावी.

घरांतील माणसांचा विचारहि विसरतां येत नाहीं. कासवाच्या पोटांतील सूत्रकृमि माणसाला होत नाहींत. परंतु त्याच आंतड्यांत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात, आणि प्राणी पूर्ण निरोगी दिसत असतांहि ते बाहेर पडत राहतात. लहान मुलांना त्यामुळें ज्वर व अतिसार होतो. पिल्लें तोंडाशीं नेणाऱ्या मुलांना असे आजार होऊं लागले, म्हणून अमेरिकेनें १९७५ सालीं ४ इंचांहून लहान कवचाचीं कासवें विकण्यास बंदी केली. तेव्हां प्राण्याला हात लावल्यावर साबणानें हात धुवावेत, त्याची पेटी स्वैपाकघराच्या मोरींत धुऊं नये, आणि पांच वर्षांखालील मुलें, गरोदर स्त्रिया व दुर्बल वृद्ध यांना या कामापासून दूर ठेवावें.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. रुपयाएवढें आणलेलें पाणकासव कांहीं वर्षांत ताटाएवढें होतें. पेटी पुरत नाहीं, पाणी घाण होतें, मुलांचा उत्साह मावळतो. मग पुण्य समजून तें एखाद्या तलावांत सोडून देण्यांत येतें. हें पुण्य नव्हे. त्याच्या पोटांतील पाहुणे त्याच्याबरोबर तलावांत उतरतात, आणि तेथील देशी कासवांची शरीरें त्यांच्याशीं झुंजण्यास कधींहि शिकलेलीं नसतात. स्पेनमध्यें अशा सोडून दिलेल्या अमेरिकन कासवांबरोबर आलेले रक्तांतील पर्णकृमि तेथील देशी कासवांना झाले व त्यांत तीं दगावलीं. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत आशियांतून आणून सोडलेल्या अजगरांबरोबर फुप्फुसांत राहणारा एक परजीवी पोंचला, आणि तो आतां तेथील देशी सापांमध्यें पसरत चालला आहे. जें तेथें घडलें तें येथें घडणार नाहीं, असें मानण्यास आधार नाहीं. नागझिऱ्याच्या पाणवठ्यांत किंवा सालेकशाच्या भातखाचरांत राहणाऱ्या कासवाला पशुवैद्य नाहीं. त्याला एकदां नवा रोग लागला, तर तो काढून घेणारें औषध कोणत्याहि दुकानांत मिळणार नाहीं.

म्हणून नको झालेला परदेशी प्राणी पाण्यांत न सोडतां, तो सांभाळूं शकेल अशा जाणत्या माणसाच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन करावा. आणि घरांत देशी कासव असेल, तर तें स्वतः रानांत न सोडतां वनविभागाच्या १९२६ या दूरध्वनीवर कळवावें. तेथें त्याची तपासणी होऊन मगच पुढचा निर्णय होतो. प्राणी पाळणें म्हणजे केवळ त्याला पाहणें नव्हे. त्याच्या पोटांत काय चाललें आहे, याचीहि जबाबदारी घेणें होय. ती ज्याला घेतां येत नसेल, त्यानें कासव तलावांतच पाहावें. लिंगोच्या गीतांतील कासवानें आपलें वचन पाळलें. त्याच्या वंशजांविषयीं माणसानें पाळावयाचें वचन एवढेंच आहे.